एकवीस अंकी संख्येचा ताळा

नाशिक जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत बाई नववीला गणित शिकवतात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ज्यांना थांबायचंय ते थांबतात, आणि तो तास अभ्यासक्रमाच्या बाहेरचा असतो. अशाच एका शनिवारी त्यांनी फळ्याच्या वरच्या कडेला एक संख्या लिहिली: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. खाली एकच प्रश्न होता, ही मूळ संख्या आहे का?

मुलं लगेच कामाला लागली. शेवटी ७ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १०९, म्हणजे ३ बाद. ७ ने भागून पाहिलं, बाकी १ उरली. ११ ने बाकी ६, १३ ने बाकी १०. एकवीस अंकांचा भागाकार म्हणजे वहीचं अख्खं पान. चौथा-पाचवा भागाकार होईतो कुणीतरी विचारलंच, "बाई, हे कुठपर्यंत करायचं?" उत्तर पाठ्यपुस्तकातलंच होतं: वर्गमुळापर्यंत. पण या संख्येचं वर्गमूळ १२१४ कोटींच्या पुढे जातं.

बाईंना नेमका तोच प्रश्न हवा होता. मुलांचा हात थांबतो तिथून खरं गणित सुरू होतं, असं त्या मानतात.

संख्या मोठी असली तरी तिची घडण साधी आहे. २ चा ६७ वा घात काढायचा आणि त्यातून १ वजा करायचा. मुलांनी ती टप्प्याटप्प्याने बांधली. २ चा ३२ वा घात ४२९४९६७२९६, त्याचा वर्ग १८४४६७४४०७३७०९५५१६१६, मग तीनदा दुप्पट आणि शेवटी एक कमी. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, पुढच्यात दोन, मग चार, या हिशेबात ६४ घरांऐवजी ६७ घरं धरली तर एकूण दाणे एवढेच होतात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. ही संख्या एकवीस अंकी, त्यामुळे वाचताना 'चौदाशे पंचाहत्तर परार्ध' अशी सुरुवात करावी लागते आणि मग उरलेल्या सतरा अंकांकडे वळावं लागतं.

या संख्येचा इतिहास बराच जुना आहे. मारँ मर्सेन हा फ्रान्समधला धर्मोपदेशक. युरोपातल्या गणितज्ञांचा पत्रव्यवहार त्याच्यामार्फत चाले. १६४४ मध्ये त्याने एक यादी छापली. २ च्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या मिळते असे २५७ पर्यंतचे घातांक त्याने दिले: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. यादीत पाच चुका होत्या. ६७ आणि २५७ चुकून आत आले होते. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. पण हे कळायला जवळजवळ तीन शतकं लागली. ६७ चा दावा आधी मोडला. १८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिलं की ही संख्या मूळ नाही, संयुक्त आहे. तिचे अवयव मात्र त्याला सांगता आले नाहीत.

इथे वर्ग अडला. अवयव माहीत नाहीत तर संख्या संयुक्त आहे हे कळलं कसं?

शाळेत आपण मूळ आणि संयुक्त यांची व्याख्याच अवयवांवरून शिकतो. त्यामुळे अवयव न दाखवता 'संयुक्त' म्हणणं मुलांना पटत नाही, आणि त्यांचं न पटणं योग्यच आहे. बाईंनी त्यावर व्याख्यान दिलं नाही. त्यांनी घातांक ११ घेतला. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७. ल्युकाच्या कसोटीला पुढे डेरिक लेमर यांनी जे सुटसुटीत रूप दिलं ते असं: ४ पासून सुरुवात करा, वर्ग करा, २ वजा करा, २०४७ ने भागून बाकी घ्या आणि तेच पुन्हा करा. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे इथे नऊ वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. फळ्यावर ओळ तयार झाली: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही. म्हणजे २०४७ संयुक्त. अख्ख्या ओळीत अवयवांचा मागमूस नाही, तरी निकाल पक्का. मग मुलांनी शोधलं: २३ गुणिले ८९. ताळा जमला.

६७ साठी हीच कृती एकवीस अंकी संख्यांवर पासष्ट वेळा करावी लागते. संगणक नसलेल्या काळात अशा आकडेमोडी माणसांनी हाताने केल्या आहेत.

'अवयव आहेत' हे कळणं आणि अवयव हाती लागणं ही दोन वेगळी कामं आहेत. बाईंच्या मते शाळेतल्या गणितात ही फारकत कधी दाखवलीच जात नाही. त्यांच्या सेवेतल्या कितीतरी वर्षांत मुलांनी 'अवयव पाडा' या प्रश्नाला 'पडत नाहीत' असं उत्तर लिहिलं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना म्हणायचं असायचं, 'मला सापडत नाहीत'. दोन्ही वाक्यांना शून्य गुण मिळतात. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या सत्तावीस वर्षं नेमकी या दोन वाक्यांच्या मधे उभी होती.

पुढचे काही शनिवार अवयवांच्या शोधात गेले. आंधळेपणाने भागत बसायचं नाही, हे एव्हाना ठरलं होतं. २३ ने भागल्यावर २ च्या घातांच्या ज्या बाक्या येतात त्या मुलांनी लिहिल्या: २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. अकराव्या पायरीला १ आला आणि चक्र पूर्ण झालं. अकरा पायऱ्यांचं हे चक्र २३ वजा १, म्हणजे २२ मध्ये बरोबर बसतं. ८९ वजा १ म्हणजे ८८, तेही ११ च्या पटीत. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचं हे निरीक्षण १६४० मधलं आहे, आणि ते त्याने पत्रातून मर्सेनलाच कळवलं होतं. घातांक विषम मूळ संख्या असेल तर प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा केल्यावर घातांकाच्या दुपटीची पटच मिळाली पाहिजे. फर्माने याच युक्तीने घातांक ३७ ची संख्या फोडली: पहिला अवयव २२३, म्हणजे ७४ ची तिप्पट अधिक १. तिसऱ्याच पटीला यश.

६७ साठी उमेदवार झाले १३४ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्या. शिवाय अवयवाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे, या आणखी एका नियमाने त्यातले निम्मे गळतात. मुलांनी यादी केली. १३५ ला ५ ने भाग जातो. ५३७ ला ३ ने. ६७१ म्हणजे ११ गुणिले ६१. १०७३ म्हणजे २९ गुणिले ३७. १२०७ म्हणजे १७ गुणिले ७१. मग आला १६०९, तो मूळ निघाला. पहिला खरा उमेदवार.

त्याची परीक्षा घ्यायला एकवीस अंकी भागाकार लागला नाही. २ चा ११ वा घात २०४८, १६०९ ने भागून बाकी ४३९. त्याचा वर्ग, म्हणजे २२ वा घात, बाकी १२५०. १२५० गुणिले ४३९, म्हणजे ३३ वा घात, बाकी ८१. ८१ चा वर्ग ६५६१, म्हणजे ६६ वा घात, बाकी १२५. दुप्पट केली की ६७ वा घात: २५०. हवा होता १. १६०९ बाद. पान भरणारं काम पाच ओळींत झालं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने ही पाच ओळींची मांडणी स्वतःच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतली. बाईंना ते आवडलं. युक्ती पटली की मुलं ती जपून ठेवतात, सांगावं लागत नाही.

पुढचा मूळ उमेदवार ३२१७. तोही बाद. त्यापुढचेही.

मग हिशेब मांडला. जो अवयव शेवटी सापडतो तो १३४ ची १४४५५८० वी पट अधिक १ आहे. तिथवर पोचायला, ८ चा नियम लावून आणि ३ व ५ च्या पटी वगळूनही, पावणेचार लाखांहून जास्त उमेदवार तपासावे लागतात. एकाला पाच मिनिटं धरली तर बत्तीस हजार तास. दर रविवारी दहा तास बसणाऱ्याला एकसष्ट वर्षं.

रविवारचा हिशेब करायला कारण आहे. फ्रँक नेल्सन कोल हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे सचिव होते. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये सोसायटीच्या बैठकीत त्यांनी या संख्येचे अवयव मांडले. गणितज्ञ एरिक टेम्पल बेल यांनी पुढे १९५१ च्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं आहे. कोल काही न बोलता फळ्यापाशी गेले, एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला दोन संख्यांचा गुणाकार केला, दोन्हीकडे एकच उत्तर आलं आणि ते जागेवर येऊन बसले. सभागृहात टाळ्या झाल्या. बेल यांनी नंतर त्यांना विचारलं की किती वेळ लागला, तेव्हा तीन वर्षांचे रविवार, असं उत्तर मिळालं.

गणिताच्या गप्पांमध्ये ही गोष्ट हमखास निघते. बाई मात्र ती सुरुवातीला सांगत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. गोष्टीत टाळ्या पडतात त्या गुणाकाराला, आणि गुणाकार तर सातवीतलं मूलही करेल. खरं काम त्या रविवारांमध्ये झालं. ते फळ्यावर आलं नाही. वरचा एकसष्ट वर्षांचा हिशेब एकदा स्वतः केला की लक्षात येतं, कोल एकेक उमेदवार तपासत बसले असते तर त्यांना ते आयुष्यात जमलं नसतं. त्याच वर्षी छापलेल्या त्यांच्या निबंधात मोठ्या संख्या फोडण्याची रीत आहे. तिचा आधार वर्गांच्या बाक्यांवर आहे. कोणत्या बाक्या शक्य आहेत हे ठरवत गेलं की शक्यतांचे मोठमोठे गठ्ठे एकदम बाद होतात. चिकाटी होतीच, पण चिकाटीला रीत नसती तर ६७ चा प्रश्न संगणकाच्या काळापर्यंत पडून राहिला असता. मुलांना केवळ चिकाटीचे धडे देणाऱ्या सगळ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

कोल यांच्या नावाने सोसायटी पुढे पारितोषिक देऊ लागली. २००८ मध्ये संख्या सिद्धांताचं कोल पारितोषिक मंजुल भार्गव यांना मिळालं, आणि २०११ मध्ये ते जाँ-पिएर विंटेनबर्जर यांच्यासोबत मुंबईत जन्मलेल्या, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या चंद्रशेखर खरे यांना.

आता गुणाकाराचा शनिवार. अवयव फळ्यावर आले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. मुलांनी चौकटीच्या वह्या आणल्या होत्या, एका चौकटीत एक अंक. गुणक कोणता घ्यायचा, यावर आधी चर्चा झाली. नऊ अंकी संख्या गुणक घेतली तर एक शून्य असल्यामुळे ओळी आठच होतात. त्यातही ७ तीनदा आणि १ दोनदा येतो, म्हणजे प्रत्यक्ष गुणाकार फक्त २, ३, ७ आणि ९ ने. ७ ची ओळ एकदाच काढायची, ५३३२८६७८०१००९, आणि तीन ठिकाणी सरकवून लिहायची.

एका गटाची बेरीज जुळेना. त्यांनी नवांचा ताळा घेतला. दोन्ही अवयवांची अंकबेरीज, ३७ आणि ६४, शेवटी १ वर येते. फळ्यावरच्या संख्येची १०९, तीही १ वर. ७ च्या ओळीची अंकबेरीज ५२, म्हणजे ७, अगदी हवी तशी. सगळ्या ओळी नवांच्या ताळ्यात पास होत होत्या, आणि तरी उत्तर चुकत होतं. बाईंनी अकराचा ताळा घ्यायला लावला: उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा. मोठ्या अवयवाला ११ ने भागून बाकी ८ उरते, म्हणून त्याच्या सातपटीची बाकी १ यायला हवी. या गटाच्या एका ओळीत ती ८ आली. नीट पाहिलं तर ओळ सरकवून उतरवताना ८६ च्या जागी ६८ लिहिलं गेलं होतं. अंकांची अदलाबदल झाली की बेरीज तीच राहते, त्यामुळे नवांच्या ताळ्याला ती दिसत नाही. अकराच्या ताळ्यात सम आणि विषम स्थानं वेगळी धरतात, म्हणून तिथे ती लगेच सापडते. ओळ सुधारली, हातचे पुन्हा मोजले आणि एकवीसच्या एकवीस अंक फळ्याशी जुळले.

बाईंच्या मते, त्या महिन्यात मुलं सगळ्यात जास्त शिकली ती या एका ओळीतून. बँकेच्या पासबुकापासून किराणा दुकानाच्या वहीपर्यंत आकडे उतरवताना अदलाबदल होते, आणि ती पकडायची रीत कुठल्याही यंत्राशिवाय, पेन्सिलीने जमते.

नाशिक परिसरात संख्यांची चर्चा निघाली की द. रा. कापरेकरांचं नाव निघतंच. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेले कापरेकर १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. ६१७४ च्या स्थिरांकामुळे ते जगाला माहीत झाले. अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला भाग जातो तिला त्यांनी 'हर्षद' संख्या म्हटलं. एका मुलीने विचारलं, "बाई, ही हर्षद आहे का?" ती स्वतःच १०९ ने भागायला बसली आणि तिसऱ्या अंकापाशी थांबली. दोन्ही अवयव मूळ आहेत, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज या संख्येला भाग जातो तो फक्त त्या दोघांनीच; १०९ त्यांत नाही. ही संख्या हर्षद नाही, आणि ते सांगायला भागाकाराची गरज उरली नाही. अवयव हाती असण्याचा फायदा काय, याचं याहून नेटकं उत्तर बाईंना कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही.

फोडणं अवघड आणि ताळा सोपा, या विषमतेवर १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी गुप्तलेखनाची एक पद्धत उभी केली. इंटरनेटवरच्या अनेक व्यवहारांच्या सुरक्षेत ती आजही वापरली जाते. तिथल्या संख्या सहाशेहून जास्त अंकांच्या असतात. कोल यांची एकवीस अंकी संख्या साधा संगणक आज क्षणार्धात फोडतो. या पद्धतीच्या आव्हानासाठी जाहीर केलेली २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली गेली, आणि त्यासाठी असंख्य संगणक एकत्र जुंपावे लागले. दुसरीकडे मर्सेनच्या साच्यातल्या मूळ संख्या शोधण्याचं कामही चालूच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये १३६२७९८४१ हा घातांक सापडला, त्याची संख्या चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकांची आहे. ती मूळ आहे हे सांगणाऱ्या कसोटीच्या मुळाशी अजूनही ल्युकाचीच कल्पना आहे.

ज्यांच्या घरी आठवी-नववीतलं मूल आहे त्यांनी एखाद्या सुटीच्या दिवशी चौकटीची वही काढून तो आठ ओळींचा गुणाकार मुलासोबत जरूर करावा, नवांचा आणि अकराचा ताळा घ्यावा आणि मोबाईल शेवटी उघडावा. आणि मुलाने विचारलं की आता फोडायला काही उरलंय का, तर घातांक १२७७ सांगावा. २ चा १२७७ वा घात वजा १ ही ३८५ अंकी संख्या संयुक्त आहे हे सिद्ध झालेलं आहे, पण तिचा एकही अवयव अजून कुणाला सापडलेला नाही. मूळ अवयव असतील ते २५५४ च्या पटीत १ मिळवून झालेले असतील, एवढं मात्र नक्की.